रेल्वे कॉलनीतला शेजार



1865 मध्ये कसाऱ्याहून थळ घाट चढून लोहमार्ग इगतपुरीला पोचला. 37 फूट पुढं गेलं की एक फूट चढ, असा हा घाट. म्हणून गाडीला मागून रेटायला बँकर इंजिनं लावावी लागत. इंजिनांमागोमाग ड्रायव्हर, गार्ड, फिटर, खलाशी आले आणि त्यांच्यासाठी क्वार्टरांच्या ओळी उभ्या राहिल्या. माझं बालपण त्यातल्याच एका ओळीत गेलं.

सगळी घरं एकसारखी. पण कुणाची ड्युटी केव्हा, हे साऱ्या ओळीला ठाऊक असे. अपरात्री ड्युटीचं बोलावणं घेऊन कॉलबॉय कडी वाजवायचा, ड्रायव्हरकाका वहीत सही करून भर पावसात निघायचे. सकाळी ते परतले की दुपारभर आम्हा मुलांचा खेळ लांबच्या मैदानात हलायचा. काकांची झोप मोडली तर रात्री घाटात गाडी कोण सांभाळणार, हे आम्हाला वेगळं सांगावं लागत नसे. काका गाडीवर असताना घरात कुणाला ताप चढला, तर दवाखान्यात शेजारीच नेत. जून ते सप्टेंबर कपडे वाळत नसत, भिंतींना ओल यायची. तेव्हा ज्या घरात शेगडी पेटलेली असे, तिथं चार घरांची लंगोटी-दुपटी वाळायची. क्वार्टर कुणाच्याच मालकीचं नव्हतं, निवृत्तीनंतर ते सोडावंच लागे. तरी शेजार मात्र प्रत्येकाला आपला वाटायचा.

आता समृद्धी महामार्गानं मुंबई इगतपुरीच्या आणखी जवळ आली आहे. डोंगरउतारांवर प्लॉट पडले, टुमदार बंगले उठले. घर बांधणाऱ्यांबद्दल माझ्या मनात किंतु नाही. डोंगर-धुक्याची ओढ कुणाला नसते? पण यातले कितीतरी बंगले शनिवार-रविवार सोडले तर कुलूपबंद असतात. दारणा, मुकणे, भावली, वैतरणा अशी धरणं याच तालुक्यात आहेत, आणि तरीही उन्हाळ्यात या बंगल्यांशेजारच्या आदिवासी वाड्यांमधल्या बाया हंडे घेऊन पाण्यामागं फिरतात. त्याच वाड्यांमधला माणूस या कुलूपबंद बंगल्यांची राखण करत असतो.

माझी विनंती एवढीच. इगतपुरीत घर घेतलं असेल, तर पावसाळ्यातले सलग चार दिवस तरी तिथं राहा. राखणदाराच्या घरी जाऊन या. आणि सोसायटीच्या पुढच्या बैठकीत बागेच्या आधी शेजारच्या वाडीच्या विहिरीचा विषय काढा.