वानगी आणि माल

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कविता लिहिणारा माणूस आज बांधकामातल्या रसायनावर बोलणार म्हटल्यावर आपल्याला थोडं नवल वाटेल. पण नुसत्या कवितेवर चूल पेटत नाही. कला शाखेची पदवी घेतल्यावर मी फरशी चिकटवण्याची पावडर बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात पत्रव्यवहाराच्या टेबलावर बसलो आणि तिथंच रमलो. परदेशातून कच्चा माल मागवायचा, तर कधी न पाहिलेल्या माणसावर विश्वास किती आणि कशाच्या आधारावर टाकायचा, हा प्रश्न त्या टेबलावर रोज येतो. त्याचं उत्तर बरोबर आलं की नाही, हे मात्र तुमच्या-आमच्या न्हाणीघराच्या भिंतीवर ठरतं. म्हणून हा विषय तुमचाही आहे.

आधी हे रसायन म्हणजे काय ते पाहू. माझे अब्बा गवंडी. चुन्याच्या घाणीत गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी घालत असत, हे त्यांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं आम्हाला सांगितलं होतं. वेरूळच्या लेण्यांतल्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश मिसळलेले आढळले, असं २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात नमूद आहे. मालात थोडंसं काही घालून त्याचा गुण बदलायचा, ही विद्या जुनीच. आज त्या गुळाच्या आणि बेलफळाच्या जागी एक पांढरी भुकटी आली आहे. ती सेल्युलोजपासून करतात.

सेल्युलोज म्हणजे झाडाच्या अंगचा धागा. १८३८ साली आन्सेल्म पायेन या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं तो वेगळा काढून दाखवला. लाकडाच्या लगद्यातून तो मिळतो, तसाच सरकीला चिकटून राहिलेल्या तोकड्या तंतूंतूनही मिळतो. रुई काढून झाल्यावर सरकीवर जी बारीक लव उरते ना, तीच. तिच्यावर कास्टिक सोडा, मिथाइल क्लोराइड आणि प्रॉपिलीन ऑक्साइड यांची प्रक्रिया केली की जो पदार्थ तयार होतो, त्याचं नाव हायड्रॉक्सिप्रॉपिल मिथाइल सेल्युलोज. एवढं नाव कोण घेणार? व्यापारात त्याला एचपीएमसी म्हणतात. याचा स्वभाव गमतीचा आहे. साखर गरम पाण्यात लवकर विरघळते. ही भुकटी गरम पाण्यात नुसती पसरून राहते आणि पाणी गार झालं की विरघळून दाट होते.

तिचं मुख्य काम पाणी धरून ठेवण्याचं. सिमेंटला घट्ट व्हायला पाणी लागतं. पण कोरडी वीट आणि उन्हानं तापलेली भिंत ते पाणी घटाघट पिऊन टाकते. पाणी गेलं की सिमेंट उपाशी राहतं आणि पकड सुटते. त्यात आजच्या व्हिट्रिफाइड टाईल्स अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाहीत. साध्या सिमेंटला त्यांच्या पाठीत शिरायला जागाच नाही. म्हणून चिकटवण्याची तयार पावडर आली आणि पावडरीत ही भुकटी आली.

ती पडते किती? टाईलच्या पावडरीत साधारण ०.२ ते ०.५ टक्के. २० किलोच्या पोत्यात सरासरी ६० ग्रॅम धरा, म्हणजे चहाच्या कपात मावेल एवढी. आता हिशेब करू. एका कंटेनरमधून १० टन भुकटी आली, तर तिच्यातून दीड लाखाहून अधिक पोती तयार होतात. एक पोतं ३ मिलिमीटर जाडीनं साधारण ५० चौरस फुटांना पुरतं. म्हणजे एका कंटेनरच्या भरवशावर ८० लाख चौरस फूट टाईल उभी राहणार. माल हलका निघाला तर तो दोष दीड लाख पोत्यांत वाटला जातो, गावोगावच्या घरांत पोचतो, आणि वर्ष-दीड वर्षानं कुणाच्या तरी भिंतीवरून टाईल सुटून खाली येते. तेव्हा बोल लागतो तो मिस्त्रीला. समुद्रापलीकडच्या पुरवठादाराचं नावही त्या घरात कुणाला माहीत नसतं.

हा माल करणारे जुने कारखाने जर्मनीत आहेत, कोरियात आहेत, आणि चीनमध्ये तर पुष्कळच आहेत. निवड करायला बसलं की प्रत्येकाच्या पत्रकावर पहिल्यांदा एक आकडा दिसतो : एक लाख, दीड लाख, दोन लाख. हा दाटपणाचा आकडा. नवखा माणूस समजतो, जितका मोठा आकडा तितका चांगला माल. इथंच पहिली फसगत होते.

दाटपणा मोजायचा तर भुकटीचं दोन टक्क्यांचं द्रावण करतात, ते २० अंश सेल्सिअसवर ठेवतात आणि त्यात एक दांडी फिरवून ती किती अडते ते पाहतात. पण हे द्रावण असं आहे, की दांडी जोरात फिरवली तर ते पातळ भासतं, हळू फिरवली तर दाट. म्हणून यंत्र बदललं, दांडी बदलली, फेरे बदलले, की आकडा बदलतो. चीनमध्ये बहुधा एका जातीचं यंत्र वापरतात, युरोपात बहुधा दुसऱ्या जातीचं. एकाच पोत्यातला माल पहिल्यावर जो आकडा दाखवतो, त्याच्या निम्म्याच्या आसपास दुसऱ्यावर येऊ शकतो. कुणीही खोटं बोललेलं नसतं. दोघांचे शेर वेगळे, इतकंच. आपल्याकडेही एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळत नसे. भाव ठरवण्याआधी माप ठरवावं लागे. तेव्हा पुरवठादाराला पहिलं पत्र भावाचं लिहू नये. यंत्र कोणतं, दांडी कोणती, फेरे किती, द्रावण किती टक्क्यांचं, भुकटीतली ओल वजा करून की न करता, हे विचारावं. जो याचं उत्तर नीट लिहून देतो, तो निम्मी परीक्षा तिथंच पास होतो. जो म्हणतो, ‘आमचा माल सर्वोत्तम आहे, काळजी नसावी’, त्याची काळजी करावी.

शिवाय फार दाट माल सगळीकडे चालतही नाही. थापीला चिकटून बसतो, कारागिराचा हात अवघडतो. पुट्टीला वेगळी जात लागते, टाईलला वेगळी, जिप्समच्या गिलाव्याला आणखी वेगळी. आणि हवामानाचंही पाहावं लागतं. उष्णता वाढली की या भुकटीची पाणी धरण्याची ताकद कमी होते. थंड देशाच्या प्रयोगशाळेत पहिला आलेला माल नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या भिंतीवर नापास होऊ शकतो. आपली भिंत कशी तापते, हे पुरवठादाराला आपणच सांगायला हवं.

आता वानगीकडे येतो. मराठीत हा सुंदर शब्द आहे. ‘वानगीदाखल’ असं आपण सहज म्हणतो. धान्याच्या बाजारात पोत्यात टोकदार नळी खुपसून मूठभर दाणे काढतात, ती वानगी. ती व्यापारी देत नाही, गिऱ्हाईक काढून घेतं, ही त्यातली खुबी. परदेशी व्यापारात मात्र वानगी पुरवठादारच पाठवतो. साहजिकच ती उत्तम असते. माझ्या माहितीतल्या एका छोट्या कारखानदाराचं असंच झालं. अर्धा किलोचा नमुना तीन वेळा तपासला, तिन्ही वेळा पास. कंटेनर उघडला तेव्हा द्रावण गढूळ, राखेचं प्रमाण जास्त आणि मिस्त्रींची तक्रार, की माल पाच मिनिटांत सुकतो. पैसे केव्हाच गेले होते.

म्हणून वानगी घ्यावी ती दोनदा. एकदा बोलणं सुरू करताना, आणि दुसऱ्यांदा कंटेनर भरण्याच्या वेळी, प्रत्यक्ष रवाना होणाऱ्या पोत्यांतून. शक्य असेल तर त्रयस्थ तपासनीसाकडून ती काढवून घ्यावी. तिचे तीन भाग करून मोहोरबंद करावेत : एक त्यांच्याकडे, एक आपल्याकडे, एक तंटा झालाच तर त्यासाठी. आमच्या घरात अमानत हा शब्द फार जपून वापरला जाई. दुसऱ्याची ठेव, तिला हात लावायचा नाही. ती तिसरी पुडी म्हणजे दोन्ही पक्षांची अमानत. शेवटचं पोतं वापरून होईपर्यंत ती फोडू नये.

वानगी तपासायची ती आपल्या वाळूत, आपल्या सिमेंटात, आपल्या पाण्यात. विहिरीचं पाणी वेगळं, नळाचं वेगळं; सिमेंटही पोत्यागणिक थोडं बदलतं. काही चाचण्या तर कुणालाही करता येतील अशा आहेत. काचेच्या पेल्यात द्रावण करून ते उजेडात धरा. चांगला माल काचेसारखा दिसतो. स्टार्चची भेसळ असेल तर आयोडीनच्या थेंबानं निळसर रंग येतो. मालाची धुलाई अपुरी झाली असेल तर त्यात मीठ उरतं आणि जाळल्यावर राख जास्त निघते. राख आणि ओल साधारण पाच टक्क्यांच्या आत असावी, अशी अट घालण्याची पद्धत आहे. पुढची परीक्षा पकडीची. ईएन १२००४ हे युरोपीय मानक म्हणतं, की पावडर पसरल्यावर २० मिनिटांनी टाईल बसवली तरी तिची पकड दर चौरस मिलिमीटरला किमान अर्धा न्यूटन भरली पाहिजे. आपल्याकडे आयएस १५४७७ हे मानक २००४ साली आलं आणि २०१९ साली सुधारलं गेलं. प्रयोगशाळेची फी कंटेनरच्या किमतीपुढे चिल्लर आहे.

मग कागद. पुष्कळांचा समज असतो, की बँकेमार्फत पतपत्र उघडलं की आपण सुरक्षित. पतपत्रांचे आंतरराष्ट्रीय नियम १ जुलै २००७ पासून लागू आहेत. त्यांत स्वच्छ लिहिलं आहे, की बँकेचा व्यवहार कागदांशी असतो, मालाशी नसतो. कागद बरोबर असतील तर पोत्यात खडूची भुकटी असली तरी बँक पैसे देणार. म्हणून त्या कागदांतच तपासनीसाच्या दाखल्याची अट घालून घ्यावी, आणि त्या दाखल्यात मापाची पद्धत लिहिलेली असावी. समोरचा कारखानदार आहे की मधला व्यापारी, हेही पाहावं. व्यापारी असणं गुन्हा नाही, लपवणं वाईट. चीनमध्ये २०१५ पासून कंपन्यांना १८ स्थानांचा एकच नोंदणी क्रमांक मिळतो. परवान्यावरचं नाव, करारावरचं नाव आणि बँकखात्यावरचं नाव जुळतं का ते बघावं. आणि ‘आमचं खातं बदललं आहे’ असा ई-मेल आला, तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरावर फोन करून खात्री केल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये.

भावाचं सांगतो. किलोमागे पन्नास रुपये स्वस्त मिळाले की मालकाचा चेहरा खुलतो. पण पोत्यात ६० ग्रॅमच पडतात. म्हणजे पोत्यामागे वाचले तीन रुपये. हलका माल ६० ऐवजी ८० ग्रॅम घालावा लागला तर तेही गेले. म्हणून भाव पाहावा तो बंदरात उतरून, जकात भरून, कारखान्याच्या दारात आलेला आणि पोत्याच्या हिशेबात मांडलेला.

सगळा भार एकाच पुरवठादारावर टाकणंही धोक्याचं. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा युरोपकडून येणारी अनेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागली आणि आठवडेच्या आठवडे लांबली. चिनी नववर्षाला तिथले कारखाने बंद असतात. दोन देशांतले दोन पुरवठादार पारखून ठेवलेले असले, तर अडल्या वेळी मिळेल ते घेण्याची पाळी येत नाही. अडलेला माणूस पारख करत नाही, हे बाजाराला पक्कं ठाऊक असतं.

मग शेवटी निवडायचा कुणाला? माझं उत्तर असं, की पहिली वानगी कुणीही चांगली पाठवतो. पाचवा कंटेनर पहिल्यासारखा पाठवणारा तो आपला. त्यासाठी सुरुवात लहान मागणीनं करावी, प्रत्येक खेपेचा आकडा वहीत लिहावा आणि ती वही त्यालाही दाखवावी. तक्रार गेल्यावर जो आपला नमुना मागवून स्वतःच्या यंत्रावर पुन्हा मोजतो, त्याला दोन पैसे जास्त द्यावेत. आपलं माप पाहिलं जातंय हे कळलं की माणूस माप जपतो, मग तो आपल्या पेठेतला असो वा परमुलखातला.

ही सगळी खटपट ज्याच्यासाठी, तो मिस्त्री हे आकडे कधी वाचणार नाही. तो भिंतीवर दातेरी थापीनं माल पसरतो, दहा-बारा टाईल्स बसवतो आणि पुढची ठेवण्याआधी मालावर बोट टेकवून पाहतो. बोटाला माल लागला तर टाईल ठेवतो, कोरडं निघालं तर माल खरवडून काढतो. त्याच्या बोटाला माल लागला पाहिजे. आपली निवड बरोबर ठरली की नाही, ते तिथं कळतं.