आकडा जुना, संरक्षण ताजे

चेन्नईतील सी-डॅकने विकसित केलेली आणि २००७ मध्ये प्रथम प्रसृत झालेली ‘बॉस’ ही भारतीय संगणकप्रणाली डेबियन या मुक्त प्रणालीवर उभी असल्यामुळे, डेबियनचे अपडेटविषयक धोरण समजून घेणे बॉस वापरणाऱ्या शाळांना, कार्यालयांना आणि घरांनाही उपयोगाचे आहे.

त्यासाठी आधी लायब्ररी म्हणजे काय, ते पाहू. लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रॅमना समाईक लागणाऱ्या कामांचा एकदाच लिहून ठेवलेला संच. फाइल उघडणे किंवा मजकूर सांकेतिक रूपात पाठवणे ही कामे प्रोग्रॅम तिच्याकडून करवून घेतात. म्हणून तिची रचना बदलली, की तिच्यावर विसंबलेले प्रोग्रॅम बंद पडू शकतात. हे टाळण्यासाठी डेबियनच्या स्थिर आवृत्तीत लायब्ररी सहसा बदलली जात नाही, तर नव्या लायब्ररीतील सुरक्षेची दुरुस्ती तेवढी उचलून जुनीत बसवली जाते.

एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या लायब्ररीत ‘हार्टब्लीड’ हा दोष उघड झाला, तेव्हा मूळ निर्मात्यांनी १.०.१-जी ही आवृत्ती काढली. डेबियन ७ ने मात्र १.०.१-ई कायम ठेवून तिच्यातच दुरुस्ती केली आणि क्रमांकाच्या शेवटी ‘डेब७यू५’ अशी खूण जोडली. तेव्हा क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत वाचावा. केवळ सुरुवातीचा आकडा जुना दिसतो म्हणून संगणक असुरक्षित ठरवू नये.

दुसरी दक्षता बाहेरून आणलेल्या लायब्ररीची. ग्लिबसी ही जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅमच्या मुळाशी असलेली लायब्ररी डेबियन ११ मध्ये २.३१ आणि डेबियन १२ मध्ये २.३६ आहे. जुनीवर तयार झालेला प्रोग्रॅम नवीवर बहुधा चालतो, पण नवीवर तयार झालेला जुनीवर चालेलच असे नाही. अशा वेळी एकटी ग्लिबसी बदलल्यास साध्या आज्ञासुद्धा चालेनाशा होऊ शकतात. त्यापेक्षा आपल्या आवृत्तीसाठी तयार केलेला प्रोग्रॅम मिळवावा, अथवा महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढून संपूर्ण प्रणाली पुढच्या आवृत्तीवर न्यावी.

डेबियनच्या स्थिर आवृत्तीला साधारणपणे ३ वर्षे पूर्ण आणि पुढे २ वर्षे दीर्घकालीन आधार मिळतो. त्यानंतर नियमित दुरुस्त्या थांबतात. म्हणून श्रोत्यांनी सुरक्षेचे अपडेट आले की लगेच घ्यावे आणि आपल्या प्रणालीच्या आधाराची मुदत कधी संपते, ती तारीख आजच पाहून संगणकाशेजारी लिहून ठेवावी.