चौकटीवरील खुणा
(पालक मेळाव्यातील व्याख्यानाचा संपादित अंश)



दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने मुलांची उंची नोंदवण्याची रीत आपल्या अनेक घरांत आहे. नातवाची खूण आजोबांच्या खांद्यावर गेली की 'मामाच्या वळणावर गेला' असे म्हणून आपण मोकळे होतो. आनुवंशिकता खरीच, परंतु शंभर वर्षांत एखाद्या समाजाचे रक्त पालटत नाही. दक्षिण कोरियात १८९६ मध्ये जन्मलेल्या स्त्रियांची सरासरी उंची सुमारे १४२ सेंटिमीटर होती, १९९६ मध्ये जन्मलेल्यांची १६२! वंश तोच. पालटले ते मातांचे अन्न, पाणी आणि बालपणीचे आजार. याच काळात भारतीय स्त्रीची उंची वाढली, पण त्या मानाने फारच थोडी.

मात्र वयात येण्याचा काळ आपल्याकडेही अलीकडे सरकला आहे. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुलींना सोळाव्या-सतराव्या वर्षी ऋतुप्राप्ती होई. आता ती तेराव्या वर्षाच्या सुमारास होते. शहरी घरांतील पाचवीतल्या मुलीही आज आईला हा प्रश्न विचारू लागल्या आहेत. पाचवीत प्रार्थनेच्या रांगेत सर्वांत मागे उभी राहणारी उंच मुलगी दहावीत रांगेच्या मध्यावर दिसते, ते का? जे संप्रेरक तिची वाढ वेगाने घडवते, तेच पुढे हाडांची टोके सांधून वाढ थांबवते. पाळी सुरू झाल्यावर बहुधा पाच-सात सेंटिमीटरच उंची वाढते. म्हणून आठ वर्षे पूर्ण होण्याआधी ही लक्षणे दिसल्यास संकोच न करता डॉक्टरांकडे जावे. नवस, उपास, उंची वाढवणारी चूर्णे यांत वेळ दवडू नये.

आता पुण्याकडे येतो. पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून गर्भवती मातांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५. परंतु आपल्या कृश बाळांत स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने अधिक आढळली. मधुमेहाची वाट इतक्या लवकर सुरू होते. अनेक मातांमध्ये बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव होती. शाकाहार सोडा, असे मी मुळीच म्हणत नाही. पण शाकाहारी घरात हे जीवनसत्त्व मुख्यतः दूध, दही, ताक यांतूनच मिळते, आणि सर्वांचे झाल्यावर शेवटी जेवणाऱ्या सुनेच्या वाट्याला त्यातले काय उरते, हे प्रत्येकाने आज रात्री स्वतःच्या घरी पाहावे. (समोर बसलेल्या भगिनी हसत आहेत. बंधू हसत नाहीत.)

त्या सहा गावांत जन्मलेल्या मुलामुलींना २०१२ पासून, म्हणजे लग्नाच्याही आधी, बी-१२ देण्याचा प्रयोग सुरू झाला. पुढे त्यांची बाळे जन्मली, तेव्हा त्यांचीही तपासणी झाली.