मोजायचं कुठून?



"तू नक्की काय करतेस?" हे सकाळपासून चौघांनी विचारलं. पूर्वी "कॉम्प्युटरमध्ये आहे" म्हटलं की सुटका व्हायची, आता होत नाही. म्हणून सांगतेच. कारखान्यात तयार झालेला जॉब मोजणारं एक यंत्र असतं, सीएमएम, म्हणजे कोऑर्डिनेट मेजरिंग मशीन. ग्रॅनाइटचं जाडजूड टेबल, त्यावर तीन दिशांना सरकणारा सांगाडा आणि सुईच्या टोकाला माणकाची बारीक गोळी. गोळी जॉबला टेकली की त्या बिंदूचे एक्स, वाय, झेड कॉम्प्युटरला मिळतात. पुढचं गणित करणारं सॉफ्टवेअर मी पुण्यात लिहिते.

हे यंत्र मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या गोष्टी करतं. पण समोरचा जॉब सरळ ठेवलाय की तिरका, आणि मोजायचं कुठून, हे त्याला कळत नाही. ते आपण सांगायचं. त्यालाच अलाइनमेंट म्हणतात.

अलोऱ्याच्या माणसाला हे समजावणं सोपं आहे. कोयनेचं पाणी २१६३ फुटांवर गेलं की धरण भरलं, हे आपण दर पावसाळ्यात ऐकत आलो. आणि धरणाची उंची? १०३ मीटर, साडेतीनशे फूटसुद्धा नाही. दोन्ही आकडे खरे. एक समुद्रसपाटीपासून, दुसरा पायापासून.

अलाइनमेंटची नेहमीची रीत तीन-दोन-एक. तळावर तीन बिंदू घ्यायचे, कारण एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एकच प्रतल जातं. बाई, हे तुम्ही फळ्यावर लिहिलं होतं, आणि तिपाई डुगडुगत का नाही तेही सांगितलं होतं. त्या तिघांनी जॉबचं दोन्हीकडे कलणं आणि वर-खाली होणं बांधलं जातं. मग एका बाजूवर दोन बिंदू, म्हणजे फिरणं आणि एका दिशेचं सरकणं थांबलं. उरलेल्या बाजूवर एक. सहा हालचाली, सहा बिंदू.

पण बिंदू एकमेकांपासून लांब हवेत. २० मिलिमीटर अंतरावरच्या बिंदूंपैकी एकाखाली ०.०१ मिलिमीटरचा कचरा आला, तर २०० मिलिमीटरवर तीच चूक ०.१ होते. चिऱ्याची भिंत बांधणारा गवंडीसुद्धा दोरी दोन टोकांना बांधतो, शेजारशेजारच्या दोन चिऱ्यांना नाही.

आणि क्रम. एका छोट्या वर्कशॉपचा चाळीस ब्रॅकेटचा लॉट गिऱ्हाइकाने परत पाठवला. मालकाच्या मशीनवर सगळे पास, गिऱ्हाइकाच्या मशीनवर सगळे फेल. दोन्हीकडे सॉफ्टवेअर आमचं, त्यामुळे बोलावणं मला. मालक बोलत नव्हते, नुसते येरझाऱ्या घालत होते. महिन्याचा पगार त्या लॉटवर होता.

दोन्ही प्रोग्रॅम शेजारी ठेवून पाहिले. वर्कशॉपने आधी तळ धरला होता, गिऱ्हाइकाने आधी बाजू. बाजूची भिंत ६० मिलिमीटर उंचीत ०.०३ कललेली होती. ड्रॉइंगमध्ये तेवढं चालत होतं. पण बाजूलाच मुख्य आधार मानलं की तळापासून १६० मिलिमीटर उंचीवरचं भोक ०.०८ ने सरकलेलं दिसतं, आणि सूट होती ०.०५ ची. दोन्ही मशीन खरं बोलत होत्या. ड्रॉइंगवर मात्र पहिला डेटम तळ होता, कारण ब्रॅकेट गाडीत तळावरच बसतो. लॉट पास झाला.

या भांडणात कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, बेस्ट फिट लावा ना." म्हणजे सगळ्या चुका सगळीकडे थोड्याथोड्या वाटून टाकायच्या. ओतीव कामात पुरेसा माल शिल्लक आहे का, हे पाहायला ते उत्तम. पण डेटम लिहिलेल्या जॉबला बेस्ट फिट लावणं मला पटत नाही. भोक गाडीतल्या बोल्टाशी जुळायचंय, सरासरीशी नाही.

त्यानंतर मी सॉफ्टवेअरमध्ये दोन गोष्टी घातल्या. ड्रॉइंगवरचा क्रम विचारल्याशिवाय ते पुढे जात नाही, आणि बिंदू फार जवळ असतील तर पडद्यावर मराठीत लिहून येतं, "बिंदू लांब घ्या." काही ऑपरेटर ते न वाचताच "पुढे" दाबतात. त्यावर अजून उपाय सापडलेला नाही.

बाकीचे प्रश्न पंगतीत विचारा. इथे भूमितीच्या बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत.