बागेतला टिलर बंद पडला तर...



आपल्या बागेतली माती भुसभुशीत करणारा विजेचा टिलर बंद पडला, की लगेच सूचना येते, ‘देऊन टाका भंगारात!’ जरा थांबा. आधी प्लग काढा, मगच पात्यांना हात लावा. त्यांना गुंडाळलेलं गवत, मुळं, सुतळी कापून काढा. तापून थांबला असेल, तर पूर्ण गार होऊ द्या. एक्स्टेंशनची वायर लांब आणि बारीक असेल, तर व्होल्टेज कमी पडून मोटर दमते. ठिणग्या फार उडाल्या, तर कार्बन ब्रश झिजलेले असू शकतात. इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्या. पावसात, चिखलात मशीन चालवायला माळीदादांना कधीही सांगू नका. प्रश्न त्यांच्या जिवाचा आहे.

आणि दुरुस्ती होण्यासारखी नसेलच, तर? तांब्यासाठी कुणीतरी उघड्यावर वायरी जाळतो आणि विषारी धूर त्याच्याच छातीत जातो. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांत बागकामाची विजेची अवजारंही येतात. म्हणून मशीन नोंदणीकृत रिसायकलरकडेच द्या, पावती सोसायटीच्या फाइलला लावा. दोन पैसे कमी मिळाले तरी चालतील.