धाड पडली, पुढे काय?

2023 च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या मोखाड्याचं नाव एकदम बातम्यांत आलं. एरवी येतं ते कुपोषण, पाणीटंचाई नाहीतर स्थलांतरासाठी. या वेळी होतं एमडी, म्हणजे मेफेड्रोन. इथल्या एका फार्महाऊसवरचा कारखाना मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलिसांनी पकडला.

धाडीची बातमी होते. पण तपास अधिकाऱ्याचं निम्मं काम कागदावर असतं, त्याची बातमी होत नाही. 1985 चा एनडीपीएस कायदा कडक आहे. मेफेड्रोन 50 ग्रॅमच्या वर सापडलं, तर शिक्षा किमान 10 वर्षं सक्तमजुरी. जामीनही अवघड. म्हणूनच हा कायदा पोलिसांनाही बांधून ठेवतो. खबर मिळाली की लिहून ठेवायची, 72 तासांत वरिष्ठांना कळवायची. अंगझडतीआधी त्या माणसाला सांगायचं, की राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती मागायचा तुला हक्क आहे. मालाचे नमुनेही मॅजिस्ट्रेटसमोरच.

यात कसूर झाली, की चांगला वकील लावणारा सुटू शकतो. आणि पिंपात काय आहे हे माहीतच नसलेला राखणदार? त्याच्याकडे कुठला वकील! त्यालाही वाचवेल तर नीट केलेला तपासच.

म्हणून एकच सांगतो. उद्या पंच म्हणून बोलावलं, तर जरूर जा. पण डोळ्यांनी पाहिलं तेवढ्यावरच सही करा. वाचता येत नसेल, तर ‘साहेब, आधी वाचून दाखवा’ म्हणा. भेटू पुढच्या भागात.