पाच बायका आणि विद्यापीठाचं नाटकघर

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



‘बाई आणि व्यावसायिक रंगभूमी’ या विषयावर मी बोलावं असं मला सांगण्यात आलं. विषय मोठा आहे आणि जेवणाआधी वेळ थोडा. म्हणून मी एकाच नाटक कंपनीबद्दल आणि तिने केलेल्या एकाच नाटकाबद्दल बोलणार आहे. कंपनी अमेरिकेतली आहे. ‘आम्हाला काय त्याचं?’ असं कुणाला वाटलं तर जरा दम धरा.

मी बरीच वर्षं नाटकांचा कपडेपट सांभाळला. आपल्याकडे व्यावसायिक नाटकात ‘नाइट’ मिळते, म्हणजे प्रयोग झाला की पैसे. तालमीचे दीड-दोन महिने मात्र पदरमोड. ज्या बाईच्या घरी दुसरा पगार नाही, तिने ते दोन महिने काढायचे कसे? आणि निर्मात्याकडे बायकांच्या प्रश्नावरची संहिता नेली की उत्तर ठरलेलं: “बाई, विषय चांगला आहे हो, पण बुकिंग होणार नाही.” हे मी एकदा नाही, अनेकदा ऐकलं आहे. निर्मात्यालाही दोष देत नाही मी. त्याने कर्ज काढलेलं असतं. प्रश्न असा की, बुकिंगची धास्ती नसलेली, पण काम करणाऱ्यांना रीतसर पैसे देणारी जागा असू शकते का?

न्यू हेवन या गावात येल विद्यापीठ आहे. तिथल्या नाट्यशाखेचे प्रमुख रॉबर्ट ब्रुस्टीन यांनी १९६६ साली विद्यापीठातच एक व्यावसायिक कंपनी काढली, येल रेपर्टरी थिएटर. एका जुन्या चर्चच्या इमारतीत त्यांचं नाटकघर आहे, पाचशेच्या आतल्या खुर्च्यांचं. हे कॉलेजचं गॅदरिंग नव्हे. बाहेरून येणारे नट युनियनच्या करारावर काम करतात आणि त्यांना आठवड्याचा पगार मिळतो, तालमीच्या आठवड्यांचासुद्धा. त्यांच्याच बरोबर विद्यार्थी राबतात. कुणी प्रयोग चालवतं, कुणी कपडेपटात असतं, कुणी बदली नट म्हणून पाठ करून बसतं. तिकिटांचे पैसे येतात, पण सगळा डोलारा तिकिटांवर उभा नाही. विद्यापीठाचा आणि देणग्यांचा आधार आहे. त्यामुळे नवीन संहितेला हात घालता येतो.

आता नाटकाबद्दल. डनाई गुरिरा ही झिम्बाब्वेत वाढलेली लेखिका. लायबेरियातल्या यादवी युद्धात हातात बंदुका घेतलेल्या तरुण बायकांचा फोटो तिने वर्तमानपत्रात पाहिला. २००७ साली ती लायबेरियात गेली, युद्धातून वाचलेल्या बायकांशी बोलली आणि ‘एक्लिप्स्ड’ हे नाटक लिहिलं. काळ २००३ चा. एका बंडखोर कमांडरच्या तळावर पळवून आणलेल्या बायका आहेत. त्यांना नावं असून नसल्यासारखी: पहिली बायको, दुसरी, तिसरी आणि नवी आलेली चौथी, जी अजून पोरच आहे. कमांडर रंगमंचावर कधीच दिसत नाही. तो आला की बायका रांगेत उभ्या राहतात, तो बोट दाखवतो, एक जाते, परत येते आणि फडक्याने अंग पुसते. कुणी काही बोलत नाही. पहिलीला तर स्वतःचं वयसुद्धा माहीत नाही, इतक्या लहानपणी तिला आणलेलं.

आणि तरीही हे रडगाणं नाही. त्या पोरीला वाचता येतं. लुटीत क्लिंटनचं चरित्र हाती लागलेलं असतं, ते ती बाकीच्यांना वाचून दाखवते. मोनिका लुइन्स्कीचं प्रकरण येतं तेव्हा या बायकांना काही समजावून सांगावं लागत नाही: ही त्याची दुसरी बायको! मी प्रयोग पाहिलेला नाही, संहिताच वाचली आहे. इथे मी मोठ्याने हसले आणि मग गप्प झाले.

दुसरी बायको बंदूक उचलून सैन्यात गेलेली असते, म्हणजे आता तिला रांगेत उभं राहावं लागत नाही. पण त्या बदल्यात ती इतर मुलींना सैनिकांच्या हवाली करते. पाचवी बाई शांततेसाठी फिरणारी कार्यकर्ती आहे, आपल्यासारखी. लायबेरियात २००३ साली पांढरे कपडे घालून हजारो बायका रस्त्यावर बसल्या होत्या. त्यांच्या पुढारी लेमा बोवी यांना २०११ चं शांततेचं नोबेल मिळालं. नाटकातली कार्यकर्ती मात्र देवीबिवी नाही. ती तिथे स्वतःची हरवलेली मुलगी शोधत आलेली असते. आपल्या पथनाट्यांतल्या कार्यकर्त्या नेहमी इतक्या धुतल्या तांदळासारख्या का असतात, हा मला तेव्हा पडलेला प्रश्न.

२००९ साली येल रेपर्टरीने हे नाटक केलं, लीझल टॉमी या दिग्दर्शिकेकडे सोपवून. रंगमंचावर पाच काळ्या बायका, पुरुष एकही नाही, ओळखीचा चेहरा हवा असा हट्ट नाही. त्या पोरीच्या भूमिकेसाठी बदली नटी होती एक केनियन विद्यार्थिनी, लुपिता न्योंगो. पाठांतर करून विंगेत बसायचं, एवढंच काम. हेच नाटक ब्रॉडवेवर, म्हणजे धंद्याच्या रंगभूमीवर पोचायला २०१६ उजाडलं. मधल्या काळात, २०१४ मध्ये, लुपिताला ऑस्कर मिळालं होतं आणि तीच आता त्या भूमिकेत होती. लेखिका, दिग्दर्शिका आणि सगळ्या नट्या काळ्या स्त्रिया, असं ब्रॉडवेवर पहिल्यांदाच घडलं. धंद्याला जी गोष्ट करायला ऑस्कर लागलं, ती विद्यापीठाच्या नाटकघराने सात वर्षं आधी करून ठेवली होती.

पण हुरळून जायला नको. या कंपनीचा कलाप्रमुख हाच नाट्यशाखेचा प्रमुख असतो आणि स्थापनेपासूनचे पहिले चारही प्रमुख पुरुष होते. विद्यार्थ्यांचं राबणं हे शिक्षण किती आणि स्वस्त मजुरी किती, हेही विचारायलाच हवं. शिवाय बरीच वर्षं शिकून निघणाऱ्यांच्या डोक्यावर कर्ज असायचं. कर्ज असलेली मुलगी कमी पैशाचं, धाडसाचं नाटक कुठून करणार? २०२१ साली डेव्हिड गेफेन या निर्मात्याने १५ कोटी डॉलर दिले आणि तिथली फी सगळ्यांनाच माफ झाली. शाखेला नाव मात्र त्याचं लागलं. देवळाच्या पायरीवर कोरतात तसंच.

आपल्याकडे १९८३ साली ज्योती म्हापसेकरांचं ‘मुलगी झाली हो’ उभं राहिलं ते नोकऱ्या आणि घरं सांभाळणाऱ्या बायकांच्या जोरावर. त्याचा मला अभिमान आहे. पण चाळीस वर्षांनंतरही बायकांनी नाटक करायचं ते रजा टाकूनच, हे मला मान्य नाही. पुण्यात ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठात २००३ पासून नाट्यकलेची अकादमी आहे. तिथल्या मुलींना आपल्या शिबिरांना बोलवा. आपल्याकडे केसेस आहेत, अनुभव आहेत, बोलणाऱ्या बायका आहेत. त्यांच्याकडे तालमीची जागा आणि शिकलेली माणसं आहेत. आणि विद्यापीठांकडे मागणी करायची असेल तर नुसतं ‘सभागृह द्या’ म्हणू नका. तालमीचे पैसे मागा.

‘एक्लिप्स्ड’ची एक प्रत मी आणली आहे. भाषा लायबेरियाच्या बोलीतली इंग्रजी आहे, पहिल्यांदा अडखळायला होतं. दुपारच्या चहानंतर ज्यांना थांबता येईल त्यांनी थांबा, पहिला प्रवेश मी मोडक्यातोडक्या मराठीत सांगत वाचते. पाच जणी लागतील.